वृंदावनातल्या मातीची बदनामी

"आमच्या इमारतीतील एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी यंत्राच्या साहाय्याने सिद्ध केले, की तुळशीवृंदावनातील कोकणातून आणलेली माती किरणोत्सारी आहे. समितीने तत्परतेने सदर माती समुद्रात विसर्जित करून सर्व रहिवाशांच्या आरोग्याचे रक्षण केले."

काळाचौकीच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या स्मरणिकेत, एका सराफाच्या पानभर जाहिरातीच्या पाठीमागे, हा मजकूर छापला आहे. त्यातला ज्येष्ठ शास्त्रज्ञ म्हणजे मी. दोन वाक्यांत इतकी असत्ये दाटीवाटीने बसवणे सोपे नव्हे, आणि त्याबद्दल लेखकाचे, म्हणजे आमच्या सेक्रेटरींचे, कौतुक केलेच पाहिजे. ते यंत्र माझे नव्हते. त्या यंत्राने मी काहीही सिद्ध केले नाही. समितीने तत्परता वगळून बाकी सर्व गुण दाखवले. समुद्राचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही. माती कोकणातून आणलेली होती, एवढे मात्र खरे. आणि मजकुरातले हे एकुलते एक सत्य त्यातल्या सर्वांत मोठ्या खोट्याच्या दिमतीला दिले आहे, ही माझी मुख्य तक्रार.

मी जन्माने मुंबईतल्याच फणसवाडीचा. लग्नानंतर पत्नीच्या माहेरच्या चाळीत राहायला आलो, कारण फणसवाडीच्या आमच्या खोलीत आडवे व्हायचे तर कोणीतरी उठून उभे राहावे लागे. घरजावई हा शब्द चाळीने सभ्यपणे टाळला. नुसते 'जावई' म्हटले, आणि आज चाळीच्या जागी टॉवर उभा आहे, माझे दात माझे राहिलेले नाहीत, तरी मी जावईच आहे.

नोकरी केली ती एका सरकारी प्रयोगशाळेत. माती, विटा, सिमेंट, फरशा, औष्णिक केंद्रांतली राख यांतला किरणोत्सार मोजणे हे माझे काम. यात लोकांना वाटते तसले भयंकर काही नाही. पृथ्वी जन्मली तेव्हापासून तिच्या पोटात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम आहेत. ज्या भिंतीला आपण पाठ टेकतो त्या भिंतीत ते आहेत. पोटॅशियम तर पाठीतही आहे. माणसाने यात आपली भर घातली. मोठमोठ्या राष्ट्रांनी उघड्या आकाशाखाली बॉम्ब फोडून पाहिले, आणि त्यांतले सीझियम वाऱ्यावर बसून सगळ्या जगाच्या अंगणात उतरले. तेव्हा मातीत किरणोत्सार आहे का, हा प्रश्नच नव्हे. किती आहे आणि कुठून आला, हे दोन प्रश्न. 'आहे का?' एवढेच विचारणारा माणूस पुढचे ऐकून घेणार नाही, हे मी अनुभवाने ओळखतो.

आमचे सेक्रेटरी 'आहे का?' विचारणाऱ्यांपैकी. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. नीटनेटके, उत्साही, आणि सकाळी शिवाजी पार्कला चार फेऱ्या मारून आल्यावर दिवसभर करण्याजोगे काही नाही. त्यांनी मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली. ग्रॅनाइटच्या ओट्यातून किरण निघतात आणि गृहिणीला हळूहळू संपवतात, असा तिचा आशय. सेक्रेटरींनी लगेच खिशात मावणारे एक मापक यंत्र मागवले आणि घरोघर बेल वाजवून लोकांचे ओटे मोजायला सुरुवात केली. लोकांनी मोजू दिले. सेक्रेटरींना नाही म्हटले तर पार्किंगच्या वेळी आठवण ठेवतात.

एकदा त्यांनी मला लिफ्टपाशी गाठले. "साहेब, लॉबीत रीडिंग डबल येतंय. बिल्डरने चुना लावला आपल्याला."

चुना लावला असता तर रीडिंग कमी आले असते, असे मी त्यांना सांगितले. मुंबईचा काळा दगड या बाबतीत अगदी मुखदुर्बळ. ग्रॅनाइट त्या मानाने बोलका. लॉबीतला ग्रॅनाइट ग्रॅनाइटने बोलावे तितकेच बोलत होता आणि त्याच्यावर कोणी संसार मांडणार नव्हते. सेक्रेटरींचा चेहरा पडला. संकट हातातून निसटल्याचे दुःख मी इतक्या जवळून क्वचितच पाहिले आहे.

त्याच आठवड्यात त्यांना नवे संकट सापडले. पोडियमवरच्या बागेत तुळशीवृंदावन आहे. त्याच्या कोनाड्यात, जिथे पणती ठेवतात तिथे, त्यांनी यंत्र टेकवले आणि ते टिकटिकायचे थांबेचना. ग्रॅनाइटच्या कितीतरी पट आकडा. मी खाली गेलो तोवर पंधरावीस माणसे गोळा झाली होती आणि वृंदावनापासून तेवढ्याच हातांवर उभी होती. मीही आकडा पाहिला. यंत्र स्वस्तातले असले तरी खोटे बोलत नव्हते. आकडा खरा आहे, पण काय आहे आणि कुठून आले हे या खेळण्यावरून कळायचे नाही, नमुना घेऊन मोजावा लागेल, असे मी म्हणालो. त्या वाक्यातला 'आकडा खरा आहे' एवढाच भाग लोकांनी वर नेला.

हे वृंदावन काकींचे. काकी म्हणजे माझ्या पत्नीच्या शेजारच्या खोलीतल्या. आज नव्वदीला टेकल्या आहेत. मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते, मूलबाळ नाही. लग्न होऊन चाळीत आल्या तेव्हा पटांगणात त्यांनी हे वृंदावन बांधून घेतले आणि ते गावच्या लाल मातीने भरले. पुढे दर खेपेला गावाहून येताना आंबे-फणसांबरोबर मूठभर माती आणायची आणि तुळशीला वरून घालायची, हा त्यांचा नेम. खणणे, उकरणे त्यांना मंजूर नव्हते. तुळशीची मुळे दुखतात म्हणे. चाळ पाडायच्या वेळी यंत्रे पटांगणात आली, तेव्हा काकी वृंदावनासमोर पाटावर बसल्या आणि बिल्डरच्या माणसाने ते मातीसकट उचलायचे कबूल केल्यावर उठल्या. आमच्या चाळीतून टॉवरमध्ये जशीच्या तशी आलेली वस्तू ती एकच. आम्ही माणसेसुद्धा तशी आलो नाही.

आणि खोकला आला की तुळशीची पाने काकींची. आले, गवती चहा आणि पाने यांचा काढा उकळून त्या घरोघर पाठवत. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंच्या गळ्याला गाठ आली होती. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, बाई खडखडीत आहेत. पण त्या काढा घेत होत्या, हे कोणाला तरी आठवले. एकदा आठवल्यावर सगळ्यांनाच आठवले. सेक्रेटरींनी संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकली, की पुढील आदेशापर्यंत तुळशीची पाने कोणीही घेऊ नयेत. काकींचे नाव नव्हते. त्याची गरजही नव्हती.

मी नमुन्याच्या तयारीत असताना पत्नी म्हणाली, "अहो, तुमचं मशीन काय ते सांगेल. पण काकीच्या दाराशी आज चप्पल नाही कोणाची. कालही नव्हती."

आमच्याकडे घरात किती माणसे आहेत ते दाराबाहेरच्या चपलांवरून कळते. काकींच्या दाराशी दुपारी पाय ठेवायला जागा नसे. काकींनी काढा बंद केला, खाली येणे बंद केले, आणि गावी पुतण्याला फोन करून मागची खोली झाडून ठेवायला सांगितले. पुतण्याने बऱ्याच वेळाने बरे म्हटले. त्याने यजमानांच्या बाराव्यानंतर काकींना कधी बोलावलेले नव्हते, हे आम्हां सगळ्यांना माहीत होते. या वयात मुंबई सोडून त्या त्याच्या मागच्या खोलीत जाणार, आणि जाणार ती गावच्या मातीने माणसे आजारी पाडल्याचा ठपका घेऊन, अशी एकूण परिस्थिती होती.

मी प्लंबरकडून एक जाड नळी घेतली, वृंदावनाच्या कडेने तळापर्यंत ठोकली आणि उपसून काढली. आत मातीचा दांडा जशास तसा येतो. तो वर्तमानपत्रावर ढकलून मी त्याचे तीन भाग केले: वरचा, मधला आणि तळचा. माती वाळवली, चाळली, तीन डब्यांत भरली आणि झाकणे हवाबंद केली. आमच्या धंद्यात यापुढे वाट पाहायची असते. माती हलवली की तिच्यातला किरणोत्सारी वायू उडून जातो. झाकणाआड तो पुन्हा साठेपर्यंत, साधारण महिनाभर, मोजणी पुरती खरी मानत नाहीत.

सेक्रेटरींना हे पटले नाही. "महिना? आजकाल ब्लड रिपोर्ट संध्याकाळी येतो, साहेब."

"तुमचं रक्त बाटलीतून पळून जात नाही," मी म्हणालो.

त्यांनी ग्रुपवर लिहिले, की नमुने 'मुद्दाम' कोंडून ठेवले आहेत. त्यावर कोणी तरी माझी सासुरवाडी मूळची कोकणातलीच, याची नोंद घेतली. म्हणजे आयुष्यभर चाळीत उपरा ठरलो तो कोकणातला नव्हे म्हणून, आणि आता संशयित ठरलो तो कोकणाचा जावई म्हणून. शास्त्रज्ञाने इतके अष्टपैलू असणे मी तरी पाहिलेले नाही.

डबे, आणि सोबत तुळशीच्या पानांची एक पुडी, मी माझ्या जुन्या प्रयोगशाळेत नेऊन दिली. तिथे माझी एक विद्यार्थिनी आता मोठ्या पदावर आहे. शिशाच्या जाड भिंतींआड डबा ठेवायचा, म्हणजे बाहेरच्या जगाची बडबड आत येत नाही, आणि मातीतला प्रत्येक पदार्थ आपापल्या विशिष्ट ऊर्जेने ओळख देतो. खिशातले यंत्र फक्त गोंगाट मोजते. हे यंत्र कोण बोलतो आहे ते सांगते. महिना पुरा होण्याआधीच तिने सहज एक कच्ची मोजणी करून पाहिली आणि मला फोन केला.

"सर, एका डब्यात थोरियम भरपूर आहे. पण युरेनियम नेहमीचंच, साध्या मातीइतकं. कोणीतरी निवडून आणून घातल्यासारखं वाटतंय."

मी फोन ठेवला आणि ग्रिलपाशी जाऊन उभा राहिलो. निसर्ग असले निवडक दान सहसा देत नाही. मातीत थोरियम वाढले तर थोडेफार युरेनियमही बरोबर येते. थोरियम एकटे येते ते कारखान्यात वेगळे काढलेले. आता आमच्या चाळीत कारखान्यातले थोरियम कोण आणणार? चाळीत तर साखर आणायची मारामार. आणि तेवढ्यात खालच्या रस्त्यावर कोणाच्या तरी लग्नाची वरात चालली होती, विजेचे झुंबर डोक्यावर घेतलेल्या बायकांची रांग होती, ती पाहताना मला गॅसबत्ती आठवली.

तरुण वाचकांसाठी सांगतो. वीज मिरवणुकीबरोबर चालू शकत नव्हती, तेव्हा माणसे डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालत. बत्तीत काचेआड एक जाळीदार कापडी पिशवी बांधलेली असे. तिला आम्ही मेंटल म्हणत असू. ही पिशवी थोरियमच्या क्षारात भिजवलेली असते. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जाते आणि राखेची एक पांढरी, फुंकरीने मोडेल अशी जाळी उरते. लख्ख उजेड देते ती ही राख. ही राख म्हणजे जवळपास सगळे थोरियमच.

चाळीच्या गणपती मंडळात बत्त्यांचा कारभार ज्याच्याकडे होता तो माणूस अजून आमच्यातच, नवव्या मजल्यावर आहे. पत्नीला बहीण मानतो, म्हणून मी त्याचा भावोजी. मी त्याच्याकडे जाऊन जुन्या मिरवणुकांचा विषय काढला. त्याला तेवढेच हवे होते. बत्त्या किती, वाहणारे कोण, कोणाची मान किती ताठ, सगळे सांगितले. मी विचारले, मेंटल टिकत होती का. तो हसला. ढोल जवळ आला की गळायची, म्हणाला. एका विसर्जनाला खोकाभर लागत.

"मग ती राख कुठे टाकायचात?"

त्याला प्रश्नाचा राग आला. "टाकतोय कशाला, भावोजी? बाप्पाच्या पुढची बत्ती ती. तिची राख पायदळी यायची काय? फुलं समुद्रात, राख तुळशीला. अध्यक्षांचा नियम होता. मी स्वतः झोळीत जमा करून आणायचो, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करून काकीच्या वृंदावनात घालायचो. एक वर्ष चुकवलं नाही."

बत्त्या होत्या तितकी वर्षे हा सोहळा चालला. निर्माल्य म्हणून, भक्तिभावाने, अंघोळ करून, आमच्या मंडळाने काकींच्या तुळशीला थोरियमचे खत घातले. गिरणगावात देवाची सेवा पुष्कळांनी केली, पण ती शिशाच्या भिंतीआड मोजून सिद्ध होण्याचा मान आमच्याच मंडळाला.

यात हसू येण्यासारखे आणखी एक होते. हा नियम करणारे मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमच्या सेक्रेटरींचे दिवंगत वडील. मंडळाच्या कार्यालयात त्यांची हार घातलेली तसबीर आहे, तिच्यासमोर सेक्रेटरी रोज उदबत्ती लावतात.

अंतिम अहवाल आला आणि सभा भरली. सेक्रेटरींनी अहवाल माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचला. सीझियम या शब्दापाशी ते थांबले. "सीझियम. म्हणजे बॉम्बमधलं," त्यांनी सभेला सांगितले, आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी खुर्च्या मागे सरकवल्या. आभाळाखाली पडून राहिलेल्या कोणत्याही मातीत त्याचा तेवढा अंश सापडतो, तुम्ही रोज फेऱ्या मारता त्या शिवाजी पार्कातही सापडेल, असे मी सांगितले. पानांत काहीही आढळले नव्हते. थोरियम मातीला घट्ट धरून बसते, मुळांवाटे पानांत चढत नाही म्हटले तरी चालेल. माती खाऊ नये, एवढे पथ्य पुरे. मग मी युरेनियमच्या गैरहजेरीबद्दल बोललो. ते कोणाला समजले नाही. मग बत्त्यांबद्दल बोललो. ते सगळ्यांना समजले.

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. "माझ्या वडिलांचं नाव यात आणायचं कारण नाही," ते म्हणाले.

मी नाव घेतले नव्हते. नियम सांगितला होता, आणि नियमाच्या मालकाने स्वतःच हात वर केला. ते पुढे म्हणाले, की राखेची गोष्ट ऐकीव आहे, इतक्या जुन्या गोष्टीला पुरावा काय. पण माती कोकणातली आहे, हे तर खुद्द काकीही नाकारणार नाहीत. त्यांच्या या युक्तिवादातली व्यथा मला दिसत होती. बापाच्या तसबिरीवर डाग पडण्यापेक्षा एका म्हातारीच्या गावावर पडला तर सभेचे काही बिघडत नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. व्यथा दिसली म्हणून हिशेब मान्य करावा इतका मी प्रेमळ नाही.

काकी त्या दिवशी पत्नीचा हात धरून सभेला आल्या होत्या. मागच्या खुर्चीवरून त्या उठल्या.

"जावयानू, माका ता थोरियम-बिरियम कळना नाय. माज्या गावच्या मातयेत खोट आसा काय, इतक्याच सांगा."

मी त्यांना दोन वाक्यांत उत्तर दिले. त्या खाली बसल्या. सेक्रेटरींनी चहा मागवला, आणि इतिवृत्तात चहाची नोंद झाली, उत्तराची नाही.

समुद्राबद्दलही सांगून टाकतो. प्रयोगशाळेकडे मी रीतसर अर्ज केला. त्यांची माणसे आली, वृंदावनातली काढण्याजोगी माती त्यांनी पिशव्यांत बंद करून नेली, बाकीची काकींच्या देखरेखीखाली परत भरली, आणि तुळस पुन्हा लावली. सेक्रेटरी त्या दिवशी मेहुणीच्या मुलाच्या लग्नाला नाशिकला होते. नाशिकला समुद्र असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

काकी राहिल्या. हळूहळू काढाही सुरू झाला. पहिला पेला चौथ्या मजल्यावरच्या त्याच बाईंनी मागून घेतला. हे प्रकरण तिथेच मिटले असते आणि मला लेखणी उचलावी लागली नसती. पण आता ही स्मरणिका निघाली. घरोघर एकेक प्रत गेली. काकींना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी ती माझ्या पत्नीकडून वाचून घेतली, सराफाच्या जाहिरातीसकट. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पुतण्याला फोन लावला. त्या म्हणाल्या, माणसांनी तोंडी काही म्हटले तर विसरतात, छापलेले राहते.

म्हणून मीही छापतो आहे. सेक्रेटरींना माझे म्हणणे खोडायचे असेल तर त्यांनी युरेनियमकडे जाऊ नये, ते त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. बत्तीवाल्या भाऊंची साक्ष हवी तर ऐकीव म्हणावी. वडिलांच्या तसबिरीला हार घालावा, माझी हरकत नाही; त्या माणसाने श्रद्धेने केले आणि त्या काळी मेंटलमध्ये काय असते हे कोणाला सांगण्याची पद्धत नव्हती. त्यांनी फक्त मी सभेत काकींना दिलेले उत्तर खोडून दाखवावे. ते असे. वृंदावनाच्या तळाशी काकींनी चाळीत आल्यावर प्रथम भरलेली माती आहे, मध्ये गॅसबत्त्यांच्या काळातली, आणि वर बत्त्या जाऊन विजेच्या माळा आल्यानंतर त्यांनी मूठमूठ आणून घातलेली. तिन्ही थर एकाच गावचे, एकाच परसातले, आणि जास्तीचे थोरियम सापडले ते फक्त मधल्या थरात.